सत्त्याऐंशी नंबरची हाक

माझा भाऊ शहादेव कचरू ओव्हाळ गेला त्याला ह्या महिन्यात एक वरीस झालं. पुण्यानुमोदनाला वस्तीवर लोक जमले, चार जन बोलले. समदे म्हनले शहादेव हुशार व्हता, कष्टाळू व्हता, शांत व्हता. शांत तर तो बिलकुल नव्हता. जेवताना बी बडबडायचा, घास तोंडात ठिवून. ज्यानं खरं बोलायला पायजे व्हतं तो तितं आलाच न्हाई, अन जे आले ते त्या गोष्टीवर बोलले न्हाईत. म्हनून मी दगडाबाई, त्याची थोरली बहीन, मोबाइलवर लिहायला बसले. चौथी शिकले हाय. जसं बोलते तसं लिहिते.

सोसायटीच्या कागदात असं लिहिलंय की शहादेव त्याच्याच प्रोग्रामच्या चुकीनं मेला. ते खोटं हाय. बाकी काय बी लिहा, एवढं खोटं लिहू नका, एवढंच माझं म्हननं हाय.

आमचं गाव नांदूरघाटापासून सात किलोमीटर. गावाखाली तलाव, वर टेकडी, मधी रानं. चाळीस वर्सांमागं गावानं पान्याची सोसायटी काढली. तलावावर मोटर, टेकडीवर सिमिटाचं चेंबर, अन चेंबरातून सहा लाइनी रानात उतरत्यात. पयली लाइन चेअरमनच्या रानाला. सहावी आमच्या बौद्ध वस्तीला. आमचा बाप कचरू सोसायटीचा पाटकरी व्हता. पाटकरी म्हंजी पाळ्या बघनारा. घड्याळ बघायचा, पाळी सरली की टेकडीच्या कडंला उभा राहून हाक मारायचा, "ओऽऽ म्हाळू, सरली रं पाळी, कर बंदऽऽ." आवाज असा की नदीपल्याड ऐकू जायचा. पन ज्याला बंद करायचं नसंल त्याला ऐकूच यायचं न्हाई. वरचे लोक कानात बोळे घातल्यावानी पानी घेत राहायचे. सहाव्या लाइनीला येस्तवर लाइट जायची. हाक मारनाऱ्याच्याच घरचं रान कोरडं. बाप म्हातारा झाला, घसा बसला, अन गेला. शहादेवच्या मनात ते राहिलं.

शहादेव वायरमनचं शिकला, पुन्याला कंपनीत सात वर्सं राहिला. तितं मशीन कॉम्प्युटरवर चालायचं. एक सायब भला व्हता, त्यानं त्याला प्रोग्राम लिहायला शिकवलं. आई बिछान्याला लागली मनून तो शिवकन्येला, म्हंजी बायकोला, घिऊन गावाकडं आला. मी बी तवा हितंच व्हते. मला चकलांब्याला दिलती, मालक वारले, मी माघारी आले. आईचं दोघांनी केलं.

मंग तेरा सालचा दुष्काळ पडला. गावात जनावरांची छावनी लागली. शहादेव तितं कामाला, अन बद्रीनाथ बी तितंच. बद्रीनाथ गावातला, मराठ्याचा, चेअरमन माणिकरावच्या भावकीतला. पन त्याचं अन शहादेवचं असं जमलं की एका डब्यात जेवायचे. बद्रीच्या आईनं एकदा टोकलं, "ओव्हाळाच्या घरी कावून बसतो रे रोज?" बद्री म्हनला, "दगडाआक्काची भाकर पातळ असती, तुझी भाकर फेकून मारली तर बैल पडंल." त्याची आई चार दिस बोलली न्हाई त्याला. शहादेवला कावीळ झाली तवा बद्रीनंच मोटारसायकलीवर, पाठीला टावेलानं बांधून, बीडला नेला. हे मी कावून लिहिते? खोटं वाटू नये मनून. बद्री वाईट मानूस नव्हता. वाईट असता तर मला एवढं लागलं नसतं.

छावनी उठली अन बद्री सोसायटीचा सेक्रेटरी झाला. त्यानंच शहादेवला म्हनलं, "पाटकरी ठिवायला मानूस मिळंना बे. तुझा कॉम्प्युटर पाटकरी करंल का?" शहादेव तर वाटच बघत व्हता.

चौदा साली त्यानं ते उभं केलं. ऑफिसात कॉम्प्युटर. तलावावरच्या मोटरला एक डबा, चेंबरातल्या सहा कॉकला सहा डबे. ऑफिसातून दाबलं की मोटर चालू, कॉक उघडा. मला काय समजनार? मी इचारलं, "अन बंद कोन करनार? तो कॉम्प्युटर काय घड्याळाकडं टक लावून बसनार का दिसभर?"

तो हसला. म्हनला, "आक्का, तू चुलीवर डाळ ठिवती अन काय करती?"

"भाकऱ्या करते. भांडी घासते."

"डाळीपाशी बसून राहत न्हाईस. शेजारच्या सुंदरबाईला सांगती, अर्ध्या तासानं हाक मार गं. अन आपल्या कामाला लागती. हाक आली की डाळ उतरवती. कॉम्प्युटर तेच करतो. कॉक उघडला की सांगून ठिवतो, चाळीस मिनिटानं मला हाक मार. तवर बाकीच्या पाच लाइनी बघतो. हाक आली की बंद करतो."

"अन डाळ आधीच शिजली तर?"

"हां, खरी गंमत तीच. मंग तुला सुंदरबाईला जाऊन सांगावं लागंल, हाक मारू नको. न्हाई सांगितलं तर ती मारनारच. तू पिठाच्या हातानं फुकट पळशील."

मी म्हनलं, "समज मी इसरभोळी. सुंदरबाईला बी सांगितलं अन जाईबाईला बी सांगितलं. अन नको म्हनताना एकटीलाच नको म्हनलं."

तो जेवता जेवता थांबला. म्हनला, "आक्का, पुन्याला लोकं ह्यात फसत्यात. दुसरी हाक मारतीच. तिला कोनी नको म्हनलंच न्हाई ना. मनून प्रत्येक हाकेला नंबर द्यायचा अन तो नंबर जपायचा. नंबर हातात असंल तरच हाक मोडता येती. नंबर गेला की ती हाक कोनाच्या बापाला मोडता येत न्हाई. ती आपल्या वखताला वाजनारच."

हे मी शब्दाला शब्द लिहिलंय. पुढं कामाला येतंय.

नंबर जपायला त्यानं हिकमत काढली. छावनीत जनावराच्या गळ्यात बांधायचे पत्र्याचे बिल्ले असत्यात, नंबर ठोकलेले. ते चाळीस-पन्नास उरलते, ते आनले. ऑफिसात लाकडाचा बोर्ड लावला, त्याला खिळे. ज्याची पाळी त्यानं खिडकीवर यायचं, बिल्ला घ्यायचा, बद्री तोच नंबर कॉम्प्युटरला देनार अन हाक लावनार. कोनाचं पानी लवकर झालं, पाइप फुटला, तर बिल्ला आनून द्यायचा, बद्री तो नंबर मोडनार. बिल्ला खिळ्यावर. म्हंजी खिळा रिकामा असंल तर समजायचं हाक कुठंतरी बाकी हाय.

पयल्या दिवशी सुंदरबाई खिडकीवर गेली अन वरडली, "शहाद्या, हा तर माझ्या म्हशीच्या गळ्यातला बिल्ला हाय! आता मला बांधतो का दाव्याला?"

शहादेव म्हनला, "काकू, म्हशीनं कवा हरवला नव्हता. तू तेवढं बघ."

समदी खिडकी हसली. सुंदरबाई बी.

बोर्डाचा आजून एक नेम व्हता. चेंबरात कोनी दुरुस्तीला उतरनार असंल तर समदे खिळे भरलेले पायजेत. एक जरी बिल्ला भाइर असंल तर उतरायचं न्हाई. कारन मोटर तलावावर, चेंबर टेकडीवर, दीड किलोमीटरचं अंतर. मोटरघराला कुलूप, अन चावी चेअरमनच्या घरी. दर वखती फ्यूज काढायला कोन चावी मागत फिरंल? बोर्डच कुलूप.

कॉम्प्युटरला जात कळत न्हाई, भावकी कळत न्हाई. सहाव्या लाइनीला चाळीस मिनिटं म्हंजी चाळीस मिनिटं. आमच्या वस्तीनं त्या साली पयल्यांदा उन्हाळी भुईमूग बघितला. शिवकन्येनं ओल्या शेंगा उकडल्या, बद्री आला, दीड पायली शेंगा एकटा खाऊन गेला.

आता शहादेवची चूक. मी झाकत न्हाई. त्यानं कॉम्प्युटरला एक चोरवाट ठिवली व्हती. मोटर तपासायची असंल तर बिल्ला शून्य टाकायचं, म्हंजी बिल्ल्याबिगर हाक लागती. किती वाजता चालू अन किती मिनिटानं बंद, समदं त्या एकाच हाकेत. ती बोर्डावर दिसत न्हाई, लावताना नंबर एकदाच दिसतो, तो आपन लिहून घ्यायचा. हे दोघांनाच ठाऊक, त्याला अन बद्रीला. मी म्हनलं, "आसं कावून ठिवलं?" तो म्हनला, "दोघंच तर हाव."

आजून एक केलं त्यानं. रोज सांजंला सहाला कॉम्प्युटरनं दिसभराच्या समद्या हाकांचा मेसेज त्याच्या मोबाइलवर टाकायचा. कोनती लावली, कोनती मोडली, कोनती वाजली. ती सहाची बी हाकच, एकदा लावली की रोज वाजती. तिला लांबलचक नंबर दिला, बारा आकडी, कोनी चुकून मोडू नये मनून. तो नंबर कागदावर लिहून माझ्या मसाल्याच्या डब्याच्या झाकनात चिटकवला. म्हनला, "आक्काचा डबा कोनी उघडत न्हाई."

पंधरा-सोळाचा दुष्काळ आला. तो तेरापेक्षा वाईट. तलावात गुडघाभर पानी. सोसायटीत ठरलं की पिकाला बंद, फक्त पिन्याला अन जनावराला, तेबी लाइनीला दहा मिनिटं. माणिकराव चेअरमननं सभेत हात जोडून सांगितलं, "गाव जगलं तर आपन जगू. माझी मोसंबी वाळली तरी चालंल." बायांनी टाळ्या वाजवल्या. मी बी वाजवल्या.

मार्च महिन्यात शहादेव जेवताना म्हनला, "आक्का, रोज एकाच्या सुमाराला बिल्ला शून्यची हाक येतीया मेसेजात."

"बद्रीला इचार."

"इचारलं. म्हनला टेस्टिंग करतोय, मोटर कोरडी पडंल का ते बघतोय."

"रोज? अन बरोबर जेवायच्या टायमाला, रानात कोनी नसतंय तवा?"

तो माझ्यावर चिडला. "आक्का, बद्र्या हाय तो."

एवढंच म्हनला. बद्र्या हाय तो. मी बी गप बसले. मला बी तो बद्रीच व्हता ना.

मे महिन्याचा तिसरा आठवडा, सोमवार. सहाव्या लाइनीचा जोड चेंबरात गळत व्हता. दहा मिनिटाच्या पान्यात दोन मिनिटाचं गळून चाललंतं. शहादेव लवकर जेवला, पाने-रबर पिशवीत टाकले. दारातूनच बद्रीला फोन लावला, स्पीकर चालू, हात तेलकट व्हते मनून. मी समोर ज्वारी निवडत व्हते.

"बद्र्या, बोर्ड बघ बे. समदे बिल्ले हायत का खिळ्यावर?"

बद्री थोडा थांबला. मंग म्हनला, "किती वाजता उतरतो?"

"पोचलो की लगेच. पावनेएकच्या सुमाराला."

"... हायत बे समदे. जा निवांत."

हे मी माझ्या कानानं ऐकलं. निवांत म्हनला.

एक वाजता मोटर चालू झाली. शहादेवनं जोड मोकळा केलता, लोखंडी पाइप हातात व्हता. खालून पानी जोरात आलं अन पाइप उसळून छातीत बसला. सुंदरबाई शेळ्या घिऊन टेकडीला व्हती, तिनं बघितलं. ती खाली पळत आली, पायात चप्पल न्हाई, अन आमच्या दारात येऊन नुसता टेकडीकडं हात केला. आमी पोचलो तवा चेंबरातून पानी भाइर वाहत व्हतं अन त्यात तो. नांदूरघाटाला न्हेईस्तवर गेला. अडतीस वर्साचा.

खांदा द्यायला बद्री पयला. सगळ्यात जास्त बद्री रडला. शिवकन्येची पोरगी त्याच्या मांडीवर झोपली त्या दिवशी. माणिकराव आले, खुर्चीवर बसले, म्हनले, "काय करायचं, पोरगं हुशार, पन मशीन शेवटी मशीन. बिघडलं." पंचनामा झाला, त्यात तेच लिहिलं. सेक्रेटरी म्हनून खाली बद्रीची सही. जबाबात त्यानं लिहून दिलं, बोर्ड पूर्ण व्हता, कोनतीच हाक लावलेली नव्हती, प्रोग्राम आपला आपन चालू झाला.

आमाला खरंच वाटलं. मी तर शहादेवलाच बोल लावत व्हते मनात. येवढं शिकला अन सोताच्याच हातानं मेला म्हनून.

मोबाइल बंद पडलता. दहाव्या दिवशी शिवकन्येनं चार्जिंगला लावला. तर सांजंला सहाला वाजला. आमी दोघी दचकलो. "आजच्या हाका." मानूस गेला पन त्यानं लावलेली हाक कोनी मोडली नव्हती, ती आपली येतच व्हती. मागचे समदे मेसेज बी धडाधड आले. शिवकन्या दहावी शिकलेली. तिनं त्या सोमवारचा काढला अन वाचला. मी चार बार वाचून घेतला. आता मला तो पाठ हाय.

अकरा चाळीस, हाक सत्त्याऐंशी लावली, एक वाजता चालू, बिल्ला शून्य.
अकरा एकेचाळीस, हाक अठ्ठ्याऐंशी लावली, एक वाजता चालू, बिल्ला शून्य.
बारा पस्तीस, हाक अठ्ठ्याऐंशी मोडली.
एक, हाक सत्त्याऐंशी वाजली. मोटर चालू.

शिवकन्या म्हनली, "आक्का, ह्याचा अर्थ काय?"

मला अर्थ लगेच लागला. सुंदरबाईला बी सांगितलं, जाईबाईला बी सांगितलं. अन नको म्हनताना एकटीलाच नको म्हनलं.

प्रोग्राम बिघडला नव्हता. प्रोग्रामनं सांगितलं तेच केलं. कोनीतरी दोन हाका लावल्या, शहादेवचा फोन आल्यावर घाईनं एक मोडली, अन मंग त्याला निवांत जा म्हनलं. अन ते कोन, ते मला इचारायची गरज नव्हती. दोघंच तर व्हते.

मी कोनाला बोलले न्हाई. वाट बघितली, बद्री सोताहून येईल. जून गेला. जुलै गेला. तो रस्त्यात दिसला की मोटारसायकल वळवायचा. आगस्टात आला. दुपारी, हातात केळी.

"आक्का, एक काम व्हतं. शहादेवचा तो सहाचा मेसेज चालूच हाय न्हवं? बंद करायला पायजे. चेअरमन म्हनत्यात सोसायटीची गोष्ट भाइर कावून जायची. मी मोडायला गेलो तर नंबर मागतोय. कॉम्प्युटर बंद करून चालू केला तरी परत उभा राहतोय. त्यानं नंबर कुठं लिहून ठिवलाय का?"

मी म्हनलं, "ठिवलाय."

"दे की मंग."

"आधी तू सांग. सत्त्याऐंशी कुनाची?"

केळी हातातच राहिली त्याच्या. खाली बसला, उंबऱ्याभाइर, जितं तो कवाच बसला नव्हता. शिवकन्या आतून भाइर आली अन भिंतीला टेकून उभी राहिली.

मंग बोलला. माणिकरावच्या मोसंबीला रोज एक वाजता वीस मिनिटं पानी. फेब्रुवारीपासून. सभेत हात जोडले त्याच्या दुसऱ्याच आठवड्यापासून. बद्री रोज सकाळी बिल्ला शून्य टाकून हाक लावायचा. त्या दिवशी दाबलं, कॉम्प्युटर अडकल्यावानी वाटला, मनून परत दाबलं. पयल्या बारचा नंबर दिसून गेला, त्यानं बघितला न्हाई. दुसरा बघितला, हातावर पेनानं लिहिला. शहादेवचा फोन आला तवा माणिकराव समोरच बसलेले.

"आक्का, मी लगेच मोडली गं. हातावर बघून मोडली. मला वाटलं एकच हाय. तुझी शप्पथ मला वाटलं एकच हाय."

मी म्हनलं, "तू त्याला एवढंच म्हनला असता, थांब बे, बिल्ला शून्यची एक लावलीती, फ्यूज काढ. तर तो थांबला असता."

"चेअरमन समोर व्हते."

"हां. ते समोर व्हते. माझा भाऊ समोर नव्हता."

शिवकन्या म्हनली, "भावजी, पोरगी तुमच्या मांडीवर झोपली व्हती."

तो रडला. मला रडू आलं न्हाई. मी म्हनलं, "हितं घरात बोलून काय करू मी? पुढच्या महिन्यात सोसायटीची सभा हाय. तितं उभा राहा अन हेच बोल. कागदातलं ते वाक्य काढ. तुला कोनी फाशी द्यावं असं माझं म्हननं न्हाई. शहादेवच्या माथ्यावरचं काढ. त्याच सांजंला मी तुला नंबर देईन."

तो म्हनला, "बोलतो आक्का. शप्पथ."

केळी तितंच ठिवून गेला. आमी खाल्ली न्हाईत. शेळीला टाकली.

सप्टेंबरात सभा झाली. तवर पाऊस झालता, तलाव अर्धा भरलता, लोकांच्या तोंडावर तेज. पान्याचं दुख सरलं की मानसाला मागचं आठवायचा कटाळा येतो, ते मी त्या दिवशी बघितलं. विषय आला, "अपघाताचा अहवाल कायम करने." मी उभी राहिले. बाया मागं बसत्यात, मी पुढं गेले. मोबाइल काढला अन त्या सोमवारच्या चार ओळी वाचल्या. अडखळत वाचल्या पन वाचल्या. मंग म्हनलं, "बद्री, सांग आता. सत्त्याऐंशी कुनाची?"

माणिकराव म्हनले, "दगडाबाई, बसा. दुःखात मानूस काय बी बोलतो. आमी समजून घेतो."

"मी तुमाला न्हाई इचारलं चेअरमन सायब. मी बद्रीला इचारलं."

बद्री टेबलाशी बसला व्हता, पुढं वही. समदी सभा त्याच्याकडं बघायली. तो उभा राहिला. मला वाटलं, बोलतोय. खरंच वाटलं. माझ्याकडं त्यानं बघितलं बी.

अन म्हनला, "मेसेजात बी चूक असू शकती. प्रोग्राम शहादेवचाच, मेसेज बी शहादेवचाच. कॉम्प्युटरचीच चूक असंल."

मागून कोनीतरी म्हनलं, "फ्यूज काढायचा व्हता ना त्यानं."

मी वळून म्हनलं, "चावी कोनाच्या घरी असती?"

माणिकराव म्हनले, मंजूर असंल त्यांनी हात वर करा. वर गेले हात. आमच्या वस्तीचे बी गेले. चेअरमननं आदल्या दिवशी वस्तीत निरोप धाडलता, सहाव्या लाइनीला नवा पाइप टाकून देतो म्हनून, ते मला मागून कळलं. मी सुंदरबाईकडं बघितलं. तिनं शहादेवला पान्यात पडलेला बघितलता, तिच्या डोळ्यानं. तिनं हात वर केला न्हाई. पन पदर डोक्यावर ओढला अन खाली बघत बसली. उठली बी न्हाई.

नवा पाइप आला. गळत न्हाई.

कॉम्प्युटर आजून शहादेवचाच चालतोय. चूक असलेला प्रोग्राम कोनी काढून फेकत कावून न्हाई, हे एकानं बी इचारलं न्हाई. त्याच्याच हाकेवर गाव पानी पितंय अन त्यालाच चुकीचा म्हनतंय. बोर्ड हाय, बिल्ले हायत. बद्री खिडकीत बसतो. माझी पाळी आली की मी जाते, तो बिल्ला पुढं सरकवतो, मी उचलते.

त्यानं दोनदा मानूस धाडला नंबरासाठी. एकदा तर सोता माणिकराव बोलले, "बाई, आता वरीस झालं, बंद करा ते." मी म्हनलं, "नंबर माझ्याकडं हाय. देनार बी हाय. काय बोलल्यावर देनार, ते बद्रीला ठाऊक हाय." झाकनातला कागद तेलानं पिवळा पडलाय, पन बाराही आकडे दिसत्यात. मी दुसऱ्या एका कागदावर बी लिहून ठिवले. शिवकन्येनं पाठ केले.

मी रोज सांजंला सहाला मोबाइल घिऊन वट्ट्यावर बसते अन मेसेज मोठ्यानं वाचते. बापासारखा आवाज न्हाई माझा, पन वस्तीत ऐकू जातो. पयल्यांदा लोक हसले. मंग म्हनले, डोक्यावर परिनाम झाला. आता कोनी काय म्हनत न्हाई.

काल सुंदरबाई आली. सभेपासून ती आमच्या दारात आली नव्हती. आत आली न्हाई, अंगनात उभी राहिली, शेळीची दोरी हातात. मी वाचून संपवलं व्हतं.

म्हनली, "आज किती?"

"बिल्ल्याच्या अकरा."

"अन बिन बिल्ल्याच्या?"

"एक. दुपारी एकची."

तिनं दोरी हाताला गुंडाळली. मंग शेळी ओढत गेली.